लिव्हिंग की लिव्हज

सोमवार, ४

बोललेलं हवेत जातं, लिहिलेलं उरतं. उद्या कोणी म्हणालं की आई, तुम्हाला भास होतात, तर ही वही तोंडावर मारायला बरी. म्हणून आजपासून लिहिणार. चौथी पास आहे मी, पण तीस वर्षं टेलरच्या दुकानासाठी काजं केली आणि गिऱ्हाइकांची मापं लिहिली. माझं अक्षर त्या टेलरपेक्षा बरं होतं, आणि हे तोही कबूल करायचा, पैसे द्यायची वेळ नसली की.

आजचा प्रकार असा. सकाळी पाणी प्यायला उठले. स्वयंपाकघरात आमचे चिरंजीव आणि सूनबाई, दोघं समोरासमोर बसून इंग्रजीत बोलत होते. घरात इंग्रजी फक्त दोन वेळा निघतं. एक, भांडताना. दोन, माझ्यापासून काही लपवताना. भांडण नव्हतं, आवाज खालचा होता. मी दारात आले आणि दोघं असे गप्प झाले, जसं कोणी रेडिओचं बटण पिळलं. पण त्याआधी शेवटचे शब्द मी पकडले. चिरंजीव म्हणत होते, "माय मदर इज लिव्हिंग."

मदर मला कळतं. मदर मीच. लिव्हिंगही कळतं. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हा हेडमास्तरांनी एक कागद दिला होता, त्याला सगळे लिव्हिंगच म्हणायचे. शाळा सोडल्याचा दाखला. म्हणजे माझा दाखला तयार होतोय.

एक मात्र खटकलं. बायकोशी बोलताना 'माय मदर' कशाला? मी कोणाची आई आहे हे तिला बारा वर्षांत समजलं नाही का?

मंगळवार, ५

इंग्रजी शिकायचं ठरवलं. शत्रूच्या घरात राहायचं तर शत्रूची भाषा यावी.

शिकवणार कोण, तर आमची मास्तरीण. म्हणजे नात. वय अकरा, सहावीत आहे, आणि पहिलीत असल्यापासून सगळ्यांना शिकवत सुटली आहे, म्हणून हे नाव. तिला शाळेत शिवणकामाचा रुमाल करून न्यायचा आहे आणि सुई धरली की तिच्या बोटाला आधी भोक पडतं, मग कापडाला. सौदा झाला. रुमाल मी करायचा, इंग्रजी तिने शिकवायचं, आणि दोघींनी तोंड शिवून ठेवायचं.

पहिलाच प्रश्न विचारला, लिव्हिंग म्हणजे काय?

"आजी, लिव्हिंग दोन असतात. एक लीऽव्हिंग, सोडून जाणं. एक लिव्हिंग, राहणं."

"कानाला फरक कळतो?"

"आमच्या मिस बोलल्या की कळतो."

"तुझा बाप बोलला की?"

तिने खरंच विचार केला. पोर प्रामाणिक आहे, कोणावर गेली माहीत नाही. म्हणाली, "बाबा बोलले की नाही कळत."

गुरुवार, ७

आज धडा झाला. तिची परवा याच धड्यावर चाचणी आहे, म्हणजे मला शिकवता शिकवता तिचीही उजळणी. फुकट काही नसतं.

नियम असा. जे रोजचं, कायमचं, आहेच तसं, त्याला शेपूट नाही. नुसता शेवटी एक 'स'. जे आत्ता चालू आहे, नाहीतर थोड्या दिवसांपुरतं आहे, त्याला आधी 'इज' आणि मागे 'इंग' ची शेपटी.

"म्हणजे करते आणि करतेय," मी म्हटलं.

"हो! आजी, तू किती हुशार आहेस गं."

"हुशार असते तर तुझ्यापुढे मांडी घालून बसले असते?"

पुस्तकात एका टेलरचं चित्र होतं. खाली लिहिलेलं, 'अ टेलर स्टिचेस क्लोद्स.' टेलर कपडे शिवतो. चित्रातला टेलर मात्र हात जोडल्यासारखा रिकामा उभा.

"हा तर काहीच करत नाहीये. मग शिवतो कसं?"

"आत्ता नाही शिवत गं. पण टेलर आहे ना तो."

"झोपला असेल तर?"

"तरी स्टिचेस."

"महिनाभर गिऱ्हाईक आलं नाही तर?"

"तरी स्टिचेस! तो तसाच आहे, आजी. असं रोज रोज सिद्ध नाही करावं लागत."

हे मला पटलं. मी पाच वर्षांत एक काज केलेलं नाही, डोळ्यांतून पाणी येतं. पण कोणी विचारलं काय करता, तर मी काजंच करते.

मग पान उलटलं आणि माझा सगळा आनंद गेला. दुसरं चित्र. एक काका सोफ्यावर बसलाय, पायाशी सुटकेस, अजून उघडलेलीसुद्धा नाही. खाली, 'माय अंकल इज लिव्हिंग विथ अस.'

"हा काका कायमचा नाही, चार दिवसांनी जाणार, म्हणून लिव्हिंग," मास्तरीण म्हणाली. "कायमचा असता तर लिव्हज लागलं असतं."

म्हणजे झालं काय? मला वाटलं होतं की राहण्याचं लिव्हिंग असेल तर चिंता मिटली. आगीतून निघाले ती फुफाट्यात पडले. सोडून जाण्याचं असो की राहण्याचं, शेपटी आहे तोवर मी सुटकेसवालीच.

जाता जाता तिला विचारलं, "मी घरातून निघताना 'येते' म्हणते आणि जाते. त्याला शेपटी लावायची की नाही?"

"हे पुस्तकात नाहीये," ती म्हणाली आणि वही मिटली.

शुक्रवार, ८

वरच्या मजल्यावरची आली होती. तिला मी चौकशीखातं म्हणते, मनातल्या मनात. तिच्या नणंदेला मुलाने कुठेशी ठेवलं, छान जागा आहे म्हणे, झाडं आहेत, डॉक्टर येतो. "आधी महिनाभर घरात सगळे गोड बोलत होते हो," ती म्हणाली, "चहासुद्धा हातात आणून द्यायचे."

आमच्याकडे आठ दिवस चहा हातात येतोय.

आता चिरंजीवांकडे लक्ष ठेवायला लागले. हा छापखान्यात मशीनवर आहे, सतरा वर्षं. खोकी छापतात, औषधांची, साबणाची. याच्या नखांत कायम शाई. लग्नातसुद्धा होती, फोटोत दिसते. आज जेवताना बघितलं तर नखं अशी पांढरीशुभ्र, जशी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरची. एवढे हात घासून कोणाकडे जातो हा? कुठल्या तरी मॅनेजरपुढे बसायचं असणार, माझे कागद भरायला. शाईच्या बोटांनी अर्ज खराब होतो.

मी म्हटलं, "हात फार स्वच्छ झालेत हल्ली."

सूनबाईंनी लगेच भाजी वाढली. मी मागितली नव्हती.

सोमवार, ११

मास्तरणीला चाचणीत दहापैकी आठ. दोन गेले कारण तिने 'आय अ‍ॅम हॅविंग अ ब्रदर' लिहिलं. एक तर भाऊ नाही, वर त्याला शेपटी.

आज तिने 'माझं कुटुंब' असा निबंध लिहिला आणि सगळ्यांसमोर वाचला. तिची आई रक्ताच्या तपासणीच्या लॅबमध्ये आहे, ती 'टेस्ट्स ब्लड'. मग आलं, 'माय ग्रँडमदर लिव्हज विथ अस.' लिव्हज! मी पदरात तोंड लपवलं. नंतर वाटलं, पोरगी अकरा वर्षांची, तिला घरात विचारतो कोण.

मग 'माय फादर वर्क्स इन अ प्रिंटिंग प्रेस.' वाचून बापाकडे वळली. "बाबा, वर्क्सच ना? रोजचं आहे ना?"

हा हातात कप घेऊन बसलेला. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाला, "बरोबर आहे," आणि उठून कप धुवायला गेला.

जन्मात कप धुतला नाही या माणसाने. मनात काहीतरी खातंय. आईला घराबाहेर काढायचं म्हणजे थोडं खाणारच.

मी मास्तरणीला हळूच विचारलं, तुझा बाप लिव्हज म्हणायचं तिथे लिव्हिंग म्हणतो, का? ती म्हणाली, "अगं बाबा सगळ्यालाच इंग लावतात. आय अ‍ॅम नॉट नोइंग म्हणतात. मिस म्हणतात ती आपल्या लोकांची सवयच आहे."

वकिली करतेय बापाची.

मंगळवार, १२

आज त्याच्या मागे गेले. कसं वाटतं ते मी लिहिणार नाही, मला वाईट वाटलं नाही.

डबा घेऊन नेहमीसारखा निघाला, दारात "येतो गं" म्हणाला. मी पाच मिनिटांनी चप्पल घातली. छापखाना डावीकडे, हा उजवीकडे वळला. तो सावकाश चालत होता म्हणून मला जमलं. घाई असलेला माणूस असा चालत नाही. मोफत वाचनालयात शिरला.

बाहेरून जाळीच्या खिडकीतून बघितलं. आत लांब टेबल, आठदहा पुरुष, सगळे पेपर उघडून. कोणी कोणाशी बोलत नाही. आमचा कोपऱ्यात, डबा मांडीवर. लाल पेन काढलं आणि जाहिरातींच्या पानावर एक गोल केला. मग विचार करून दुसरा.

पुरावा पाहिजे होता ना? मिळाला. जागा शोधतोय माझ्यासाठी. झाडं, डॉक्टर. कामाच्या वेळेत शोधतोय म्हणजे निकड असणार.

परत येताना गुडघा दुखला.

गुरुवार, १४

पिशवी भरून ठेवली. कोणी काढण्याआधी आपण तयार असावं. चार साड्या, चष्मा, कात्री, काजाचे दोरे. बाकी या घरात माझं आहे काय?

ह्यांचा कारखाना बंद पडला तेव्हाची गोष्ट आठवली. दोन वर्षं घरी होते. पहिले दोन महिने तर सांगितलंच नाही, रोज 'येतो' म्हणून निघायचे, नदीवर जाऊन बसायचे. कळलं तेव्हा मी बोलले. का बोलू नये? काजं करून बोटं फाटली होती माझी. जेवायला ताट ठेवायचे ते मी आपटूनच ठेवायचे. "कामावर निघालात की हवा खायला?" असं रोज विचारायचे. हे उलटून बोलत नसत. पुढे पुढे बोलतच नसत. पोरगा कोपऱ्यात बसून गणितं करायचा, नऊ वर्षांचा.

मी बोलले ते खरं तेच बोलले. ताट आपटलं तर भांड्याला पोचे येतात, माणसाला येत नाहीत.

शुक्रवार, १५

आज धुवायला टाकलेल्या शर्टाच्या खिशात पेपराचे दोन तुकडे सापडले. लाल गोलवाले. इंग्रजी. मास्तरणीला शाळेतून आल्या आल्या धरलं.

"वाच. झाडं किती आहेत ते सांग."

"झाडं नाहीयेत, आजी. 'वाँटेड. ऑफसेट मशीन ऑपरेटर.' म्हणजे छापखान्यात माणूस पाहिजे आहे. दुसऱ्यात पण तेच."

"तुझ्या बापाला छापखाना आहे की."

"हो ना," ती म्हणाली. "मग कशाला?"

मी तुकडे घेतले आणि तिला बिस्किट दिलं. म्हटलं, रद्दी आहे.

पांढरी नखं. वाचनालय. मांडीवरचा डबा. मी एवढी तीस वर्षं सुईच्या नेढ्यातून दोरा ओवला आणि हत्ती दिसला नाही.

संध्याकाळी दोघं पुन्हा स्वयंपाकघरात. या वेळी मी दाराआड उभी राहिले, पाणीबिणी काही नको होतं. सूनबाई साहेबासारखा आवाज काढून, "टेल मी अबाऊट युवर फॅमिली." चिरंजीव पाठ म्हणाले, "माय वाइफ इज वर्किंग इन अ लॅब. माय डॉटर इज स्टडिंग. माय मदर इज लिव्हिंग विथ मी."

मुलाखतीची तालीम! दहा दिवस मी जिला दाखला समजून बसले ती मुलाखतीची तालीम.

मग सूनबाई मराठीत आल्या. "सोमवारी जाणार तर आईंना सांगून जा ना. दीड महिना झाला प्रेस बंद होऊन. माझा जीव जातो त्यांच्यासमोर."

"नको."

"त्या काय खातील तुला?"

"तू बाबांच्या वेळी नव्हतीस," तो म्हणाला. "मी होतो."

इथे मी खोलीत परत आले.

पिशवी रिकामी केली. कात्री वर ठेवली.

सोमवार, १८

सकाळी चिरंजीव इस्त्रीचा शर्ट घालून तयार. डबा हातात, म्हणजे नाटक चालूच. उजव्या बाहीचं काज मला लांबूनच दिसलं. टोकाचा टाका सुटून दोरा लोंबत होता. काजाची दोन टोकं पक्की नसली की बटण घालून काढून ते फाटतच जातं, आणि साहेब लोक हातांकडेच बघतात.

"हात इकडे कर."

"आई, उशीर होतोय."

"होतोय. बरोबर. होतो नाही."

मी सुई ओवली, मास्तरणीकडून नाही, माझी मी, तिसऱ्या खेपेला. शर्ट काढायला लावला नाही, मनगट मांडीवर घेतलं.

"मुलाखतीत विचारतील घरी कोण कोण. लिव्हिंग म्हणू नकोस."

मनगट ताठ झालं.

"हलू नकोस, टोचेल. लिव्हज म्हण. माय मदर लिव्हज विथ मी. लिव्हिंगवाल्याच्या पायाशी सुटकेस असते. मला या वयात उचलवत नाही."

स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं. सूनबाईंचे कानही माझ्यासारखेच आहेत, हे आज कळलं.

"तुला कधी कळलं?" तो म्हणाला.

"नखांवरून कळायला हवं होतं. कळलं शुक्रवारी."

"आणि तीन दिवस बोलली नाहीस?"

"दातात दोरा होता."

खरंच होता, त्या वेळी.

मग हळूच म्हणाला, अगदी मास्तरणीसारखा, चाचणीच्या आदल्या दिवशी विचारते तसा, "आई, ते विचारतील काय करता म्हणून. आय वर्क म्हणू की आय अ‍ॅम वर्किंग? दोन्ही खोटंच आहे."

"तू छापतोस की नाही?"

"आता कुठे छापतोय?"

"छापतोय नाही विचारलं. छापतोस का विचारलं. टेलर झोपला तरी स्टिचेस. महिनाभर गिऱ्हाईक आलं नाही तरी स्टिचेस. तुझ्या मुलीला विचार, दहापैकी आठ मिळालेत तिला. आय प्रिंट म्हण. प्रेस बंद पडली, तुझे हात नाही पडले."

दोरा तोडला. बटण घालून बघितलं, काढून बघितलं. पक्कं.

तो दारात गेला, चप्पल सोडून बूट घातले. डबा तिथेच ठेवला. "येतो," म्हणाला.

"ये," मी म्हटलं.

मंगळवार, १९

काल आला तेव्हा सगळे दारातच होतो. मास्तरणीलाही आता माहीत आहे. ती रागावली, रद्दी म्हणून मी तिला फसवलं म्हणून. रुमाल दोन करून द्यावे लागणार.

"विचारलं घरचं?" मी म्हटलं.

"विचारलं. लिव्हज म्हणालो."

"आणि कामाचं?"

"आय प्रिंट म्हणालो. मग ते मशीनचं विचारत बसले, अर्धा तास. शेवटी म्हणाले कळवतो."

"कळवतो? की कळवतोय?"

"कळवतो."

मला त्यात अर्थ दिसत नाही. कळवतो म्हणणारे रोजच म्हणतात, येईल त्याला म्हणतात. बिनशेपटीचं आहे ते. शुक्रवारपर्यंत बघते, मग दुसरी लाल गोलाची जाहिरात. मी तसं सांगितलंही. सूनबाई हसल्या. माझ्यासमोर इंग्रजीशिवाय हसल्या, बऱ्याच दिवसांनी.

आज तो वाचनालयात गेला नाही. दुपारी सूनबाई लॅबमध्ये, मास्तरीण शाळेत, घरात आम्ही दोघंच. तो टेबलाशी बसला होता, हात पुढे ठेवून, नजर खाली. मी ताट घेऊन आले. त्याने खांदे वर घेतले, कानाजवळ काही फुटणार असल्यासारखे. कशाला, कोण जाणे.

ताट ठेवलं. आवाज झाला नाही. काल एवढं शिवलं, मनगट दुखत होतं.